तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या गप्पा

आत्या,

तुझ्या तेराव्याला सगळे म्हणत होते, फार बोलकी बाई होती.

पहिल्या मजल्यावरच्या साळवीकाकू म्हणाल्या, जिन्यात तिचा आवाज आला की मी गॅस बारीक करायचे, म्हटलं आता निदान दहा मिनिटं तरी गेली. दुसऱ्या मजल्यावरचे गुरवकाका म्हणाले, माझ्या गुडघ्यांची जेवढी चौकशी तिने केली तेवढी माझ्या मुलांनी केली नाही. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला येऊन बसलो की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता. कारण त्यांची बहीण बोलकी नव्हती. लहानपणी गावाला तुला सगळे मुकी म्हणायचे, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

मी पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होते. मला कुणी काही विचारू नये म्हणून मी कार्यात नेहमी ते काम घेते, तुला माहीत आहे. फिरता फिरता माझ्या मनात आलं की तुझं बोलकेपण हा एका गोळीचा दुष्परिणाम होता, आणि हे या खोलीत फक्त मला ठाऊक आहे. हे वाक्य तुला ऐकवलं असतं तर तू तोंडातली सुई काढून हसली असतीस.

भोईवाड्यातल्या त्या खोलीत मी शाळेपासून येते आहे. आईला ऑफिसातून दादरला घरी पोचायला उशीर व्हायचा, म्हणून शाळेची बस मला तुझ्या चाळीखाली सोडायची. तू साड्यांना फॉल लावत बसलेली असायचीस. मी आले की साडीचं दुसरं टोक माझ्या हातात द्यायचीस, आणि मी ते ताणून धरायचे. फॉल आधी भिजवून वाळवून घ्यायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ चुरगळतो, एवढं एक तू मला शिकवलंस, तेही बोलून नाही, करून. शाळेत मला टीचर म्हणायच्या, स्पीक अप. घरी पाहुणे म्हणायचे, हिला बोलता येतं की नाही? तू एकटीच होतीस जिने मला कधी "बोल ना काहीतरी" म्हटलं नाही. दोन मुक्या बायका एका साडीची दोन टोकं धरून बसलेल्या असायच्या. माझ्या लहानपणातले तेवढेच तास मला आरामाचे वाटतात.

म्हणून तुला रक्ताचा कॅन्सर आहे असं निघालं आणि दवाखान्यात तुझ्याबरोबर कुणी जायचं हा प्रश्न आला, तेव्हा माझं नाव पुढे आलं हे विचित्रच होतं. बाबांचं म्हणणं, तिचं ऑफिस डिलाईल रोडला, हॉस्पिटल परळला, आणि डॉक्टरांचं इंग्रजी तिला कळतं. कळत होतं. पण कळणं आणि बोलणं यांत किती अंतर आहे, हे बाबांना कुठे माहीत होतं. तुझा आजार रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं ताब्यात ठेवता येतो अशातला होता. डॉक्टर मॅडमनी हे सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस, मी मान हलवली, आणि आपण दोघी बाहेर आलो. चाळीत तू सांगितलंस, रक्त कमी आहे, गोळ्या चालू आहेत. खोटंही नव्हतं.

तपासणीच्या दिवशी तू ठेवणीतली साडी नेसायचीस, कडक इस्त्रीची. पहिल्या गोळीने तुझे डोळे सकाळी सुजायचे, पापण्यांखाली पाणी साठल्यासारखे. त्यावर तू पावडर लावायचीस. मॅडम विचारायच्या, कसं वाटतंय? तू म्हणायचीस, बरं आहे. घरी तू मालवणी बोलायचीस, पण हे दोन शब्द तू नेहमी शुद्ध शहरी मराठीत बोलायचीस, बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखे. बाहेर पडल्यावर एकदा मी म्हटलं होतं, आत्या, डोळ्यांचं का नाही सांगितलंस? तुझं उत्तर मला अजून आठवतं. आपल्याला कुणी पान वाढलं तर त्यात मीठ कमी आहे असं त्याच्या तोंडावर सांगायचं का? एवढी मोठी बाई, एवढी माणसं बाहेर खोळंबलीत, तिने आपल्यासाठी विचार करून औषध दिलं, आणि आपण तक्रारी घेऊन बसायचं.

तुझ्या दृष्टीने औषध हे वाढलेलं पान होतं. ते पूर्ण संपवायचं, आणि यजमानाला बरं वाटेल असा चेहरा ठेवायचा. मला ते पटलं नव्हतं, पण मी तरी कुठे बोलत होते. मला हॉटेलात चुकीचा पदार्थ आला तरी मी तो गप खाते. आपण एकाच घराण्यातल्या.

मग एका तपासणीत रक्तातल्या वाईट पेशी पुन्हा वाढताना दिसल्या. मॅडम म्हणाल्या, ही गोळी आता पुरेशी काम करत नाही, बदलू. गोळी चुकत तर नाही ना, असंही विचारलं. तू म्हणालीस, नाही. दुसरी गोळी सुरू करताना त्यांनी काय काय होऊ शकतं ते सांगितलं. धाप लागली, कोरडा खोकला आला, तर थांबायचं नाही, लगेच कळवायचं, फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं. घरी येताना मी तुला ते सगळं मराठीत पुन्हा सांगितलं. तू म्हणालीस, व्हय.

आणि तू बोलायला लागलीस.

सुरुवातीला मला आनंदच झाला. तुझी सूज उतरली होती, चेहरा मोकळा दिसत होता. मी शनिवारी यायचे तेव्हा तू खाली वाण्याकडून माझ्याबरोबर वर येताना पहिल्या मजल्यावर थांबायचीस. साळवीकाकू दारात स्टुलावर बसून भाजी निवडत असायच्या. इतकी वर्षं तू त्यांच्यासमोरून फक्त हसून पुढे जायचीस. रोज सकाळी त्या तुझ्यासाठी चहाचा कप वर पाठवायच्या, तू तो घ्यायचीस, कप विसळून परत द्यायचीस, तेवढाच तुमचा संबंध. आता तू कठड्याला हात लावून विचारायचीस, सूनबाई काय म्हणतेय? काकूंना तर हेच हवं होतं. दुसऱ्या मजल्यावर गुरवकाका. ते गिरणीतून सुटल्यापासून जिन्यातल्या खुर्चीवरच असतात. त्यांना विचारायचीस, गुडघा कसा आहे?

साळवीकाकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुझी आत्या सुधारली गो. आजारात माणसाला माणूस कळतं बघ.

मीही तसंच समजले असते. पण मला बोलता येत नसल्यामुळे मी बघत बसते, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की तुझे प्रश्न सगळे लांब उत्तरांचे होते. तू कधीच "जेवलात का?" असं विचारायची नाहीस, कारण त्याचं उत्तर एका शब्दात संपतं. तू सुनेचं विचारायचीस, गावच्या जमिनीच्या वाटपाचं विचारायचीस. एकदा गुरवकाका गडबडीत होते. ते म्हणाले, गुडघा आता बरा आहे. तू एक क्षण गोंधळलीस आणि म्हणालीस, आणि दुसरा? काका हसले, मग बसून दुसऱ्या गुडघ्याचं सविस्तर सांगू लागले. मी तुझ्या मागे पिशवी घेऊन उभी होते. तुझा हात कठड्यावर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. तुझी पाठ वर-खाली होत होती. काका बोलत होते आणि तू श्वास घेत होतीस.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर तुझ्या खोलीत आल्यावर मी नीट पाहिलं. तुझी गादी गुंडाळलेलीच होती. भिंतीशी दोन उशा आणि त्यांवर लोकांच्या साड्यांचं गाठोडं रचलेलं होतं, मध्ये पाठीचा खळगा पडलेला. तू बसून झोपत होतीस. मी गादीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तुला कोरडा खोकला आला, मग तू म्हणालीस, अंथरूण घालूचो कंटाळो येता. मी काही बोलले नाही. तूही नाही. ते आपलं नेहमीचं गप्प बसणं नव्हतं.

तपासणी दोन दिवसांवर होती. त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात तुझ्याशी किती भांडले ते तुला सांगायचं राहून गेलं. आत्या, तू सांग. मी वाट बघेन, पण तू सांग. हे एवढंच मला म्हणायचं होतं. तेही मी म्हटलं नाही.

ठेवणीतली साडी, पावडर. मॅडमच्या खोलीत आपल्या आधीचा माणूस बाहेर पडला, आपण आत गेलो. त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? तू म्हणालीस, बरं आहे. त्या लिहू लागल्या. रिपोर्ट चांगला होता, नवी गोळी काम करत होती, त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. तू एकेक शब्द तोलून बोलत होतीस, म्हणजे मध्ये दम लागू नये. आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"ती बसून झोपते."

मॅडमचं पेन थांबलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पुढचं सगळं टेबलाकडे बघत सांगितलं, जिन्याचं, कठड्याचं, खोकल्याचं. आयुष्यात अनोळखी माणसासमोर मी सलग इतकं कधी बोलले नव्हते. मॅडमनी उठून तुझ्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. उजव्या बाजूला त्या बराच वेळ थांबल्या. मग एक्स-रे. मग तुला तिथेच ठेवून घेतलं.

त्यांनी तुला रागावलं नाही. त्या म्हणाल्या, एक गोळी बंद केली म्हणजे उपाय संपले असं नसतं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, पाणी काढता येतं. पण हे सगळं मला कळलं तर. पाठीतून सुई घालून त्यांनी पाणी काढलं तेव्हा तू बाटलीत उतरलेल्या त्या पिवळसर पाण्याकडे बघत राहिलीस. तुझ्या तोंडून एवढंच निघालं, "येवढा घेऊन मी जिनो चढत होतंय?" शेजारच्या खाटेवरची बाई हसली. तू हसली नाहीस.

घरी आल्यावर तू माझ्याशी बोलली नाहीस. आपण दोघी नेहमीच गप्प असायचो, त्यामुळे हे वेगळं आहे हे बाहेरच्या कुणाला कळलंही नसतं. मला कळत होतं. तू साडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं नाहीस. खिडकीच्या गजाला बांधलंस.

पुढच्या शनिवारी मी आले, तरी टोक गजालाच होतं. मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तू सुई खाली ठेवलीस.

"तू सांगितलंस ता खरा, बाय. पण ता माझा होता. मी सांगूचा होता."

मी म्हटलं, तू सांगितलंच नसतंस.

"तुका काय म्हायत?"

याच्यापुढे आपण कधी गेलो नाही, आत्या. नंतरही हा विषय निघाला की तू म्हणायचीस, मी त्याच दिवशी सांगणार होते, तू एक मिनिट थांबली असतीस तर. मी म्हणायचे, ते एक मिनिट कधीच आलं नसतं. कधी हसत, कधी जरा टोचून. मला वाटायचं हे भांडण आपल्याला पुष्कळ वर्षं पुरेल. आता मी एकटी त्याची दोन्ही टोकं धरून बसले आहे, आणि गंमत म्हणजे तुझी बाजू मला जास्त पटायला लागली आहे. तुझं दुखणं तुझं होतं. ते कधी, कुणासमोर, कोणत्या शब्दांत मांडायचं हेही तुझं. पण तू पाण्यासकट जिना चढत होतीस. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा बोलेन. तुझी बाजू पटूनही बोलेन. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं का, हे तुला विचारायचं होतं.

त्याच शनिवारी, गजाला बांधलेली गाठ सोडता सोडता, तू मला पहिल्या गोळीबद्दल सांगितलंस. त्या गोळीने तुझ्या हाताला पेटके यायचे. बोटं आपोआप आत वळायची आणि सुई गळून पडायची. लग्नसराईत साड्यांचा ढीग असायचा आणि लोक दाराशी उभे असायचे. तेव्हा तू गोळी घ्यायची नाहीस. मोसम संपला की पुन्हा सुरू. मॅडमना सांगितलंस चुकत नाही, कारण चुकणं वेगळं आणि न घेणं वेगळं. हे तू इतक्या गंभीरपणे म्हणालीस की मला हसावं की काय करावं कळेना.

मी म्हटलं, हे मी सांगणार नाही. तू म्हणालीस, नकोच सांगू. आणि टोक माझ्या हातात दिलंस.

पुढच्या खेपेला तू साधी, धुवट साडी नेसून आलीस. पावडर नाही. खुर्चीत बसल्याबसल्या, मॅडमनी काही विचारायच्या आत, तू ते लग्नसराईचं सांगून टाकलंस. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, पेटक्यांवर करता आलं असतं काहीतरी. त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटणं होतं. मग त्यांनी तुझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या. हीच दुसरी गोळी कमी डोसमध्ये पुन्हा सुरू करायची, दिवसातून एकदाच, खाण्यापिण्याचं फारसं बंधन नाही, पण पाणी पुन्हा साठू शकतं. किंवा तिसरी गोळी. ती दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास पाण्याखेरीज काही नाही. शिवाय तिच्यात हृदयावर आणि साखरेवर लक्ष ठेवावं लागतं, तुमच्या वडिलांना हृदयविकार होता म्हणून अधिकच. हे त्यांनी दोनदा सांगितलं, नीट समजावून.

तू विचारलंस, चहा? त्या म्हणाल्या, दुधाचा चहा म्हणजे खाणंच.

मी तोंड उघडलं नाही. माझ्या पायाचा अंगठा चपलेत दुमडलेला होता, पण मी तोंड उघडलं नाही. तू खिडकीकडे बघत विचार करत होतीस. मग तू बोललीस, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत तू तुझ्या घरच्या बोलीत बोललीस.

"माका श्वास होयो. चाय रवांदे."

मॅडमना मालवणी येत नसावी. पण त्यांनी तिसरी गोळी लिहिली.

चहा सोडणं सोपं नव्हतं. तुझी सकाळची गोळी आणि साळवीकाकूंचा कप नेमके एकाच वेळी यायचे. पहिल्या दिवशी तू कप परत पाठवलास. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी काकूंनी पाठवलाच नाही, आणि तू जिन्यातून जाताना त्यांनी परातीतून डोकं वर केलं नाही. इतक्या वर्षांचा चहा नाकारायचा म्हणजे काय, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तेव्हा तू त्यांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसलीस आणि खरं काय ते सांगितलंस. नुसतं रक्त कमी नाही, रक्ताचा कॅन्सर आहे, ही तिसरी गोळी आहे, म्हणून चहा चालत नाही. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या चाळीला माहीत झालं. तू फोन करून मला हे सांगितलंस तेव्हा मला वाटलं तू वैतागली असशील. तू म्हणालीस, काकूंनी आपला चहाच उशिरा ठेवायला सुरुवात केली आहे. तुझा तास संपला की मग. त्यांचा मुलगा कुरकुरतो, तर त्या म्हणतात, तुला घाई असेल तर ऑफिसात पी.

मग तू मॅडमना जे काही सांगायला लागलीस, ते मी विसरणार नाही. अंगाला खाज येते. केस विरळ झाले. डोकं दुखतं, पण सकाळी नाही, दुपारी. पोट साफ होत नाही. तू घरून सगळं पाठ करून यायचीस आणि बोटांवर मोजत एकेक सांगायचीस. त्या प्रत्येकावर काहीतरी करायच्या. खाजेला मलम, पोटासाठी भिजवलेल्या मनुका, डोकेदुखीसाठी पाणी किती प्यायचं ते. एकदा तुझी यादी संपली असं समजून त्यांनी पेन टोपणात घातलं, तर तू म्हणालीस, आणि आमच्या गुरवकाकांचा गुडघा. मॅडम इतक्या हसल्या की बाहेरची सिस्टर आत डोकावली. मी तुझ्या शेजारी बसून मान हलवत होते. माझं काम उरलं नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं.

आणि श्वास परत आल्यावरही तू जिन्यात थांबत राहिलीस. मी एकदा विचारलंही, आता काय गरज आहे? तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी काहीतरी असभ्य बोलले. काकूंच्या सुनेचे दिवस भरत आलेत, तुला कळायला नको? काकांचं ऑपरेशन करायचं की नाही ते ठरत नाही, तुला कळायला नको? इतके दिवस तू श्वासासाठी विचारत होतीस आणि ते उत्तरं देत होते. मधल्या काळात कधीतरी तू ऐकायला लागली होतीस. गोळी बंद झाली, पाणी गेलं. हा एक परिणाम तेवढा राहिला, आणि त्याच्यावर तुला औषध नको होतं.

त्या सकाळी तुझा फोन आला. तुझा आवाज नेहमीसारखाच होता. तू म्हणालीस, बाय, माका बरा वाटना नाय. छातीत जड वाटतंय, डाव्या हातात कळ आहे. तू काही लपवलं नाहीस, काही थांबवून ठेवलं नाहीस. मी पोचायच्या आत गुरवकाकांच्या मुलांनी तुला खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, साळवीकाकू तुझा हात धरून होत्या. टॅक्सीत तू मला म्हणालीस, सकाळची गोळी घेतली नाही अजून, मॅडमना सांग. दुपारपर्यंत सगळं संपलं.

नातेवाईक म्हणतात, त्या गोळीनेच गेली. मी मॅडमना विचारलं. या वेळी मला बोलायला अडचण आली नाही. त्या म्हणाल्या, या गोळीत हृदयाला धोका असतो हे खरं. तुमच्या आत्याच्या घरातही तो होता. प्रत्येक तपासणी वेळेवर झाली होती, तिच्यात असं काही दिसलं नव्हतं. कशामुळे झालं ते मी खात्रीने सांगू शकत नाही. रक्ताचा रिपोर्ट, त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांतला सर्वांत चांगला होता. मला त्यांचं हे खात्री नसणं पटलं. मी नातेवाईकांना काही समजावत बसले नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या खोलीत दोन वाटा होत्या आणि तू स्वतःच्या तोंडाने एक निवडलीस. नंतरचं दीड वर्ष तू आडवी होऊन झोपलीस.

काल मी तुझ्या खोलीवर आले होते. लोकांच्या साड्या परत करायच्या होत्या. बहुतेकांचा फॉल पूर्ण झालेला. एका मोरपंखी साडीला अर्धाच, पुढे नुसत्या टाचण्या. ती मी माझ्याकडे ठेवली आहे. माझी हातशिलाई तुझ्यासारखी नाही, पण फॉल तू आधीच भिजवून ठेवला होतास.

बाकीचं गाठोडं घेऊन मी जिना उतरू लागले. गुरवकाकांची खुर्ची रिकामी होती, ते ऑपरेशनसाठी गेलेत. पहिल्या मजल्यावर साळवीकाकू परात घेऊन बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे हसून पुढे जाणार होते. त्या म्हणाल्या, कशी आहेस गो?

तुझे ते दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. बाहेरच्यांसाठी ठेवलेले. मी ते गिळले.

"बरं नाही वाटत, काकू."

त्यांनी परात सरकवली आणि स्टुलाशेजारची फरशी पदराने पुसली. मी गाठोडं मांडीवर घेऊन तिथे बसले, तू बसली होतीस तशी. मला रडू आलं. माझा श्वास घशात अडकला, आत जाईना, बाहेर येईना. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि त्या काहीतरी विचारणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार.

तेव्हा मी कसंबसं विचारलं, "बाळ काय म्हणतंय?"

उत्तर लांब होतं, आत्या. ते संपेपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता. तरी मी उठले नाही. बाळाला दुसरा दात येतोय.